डाव्या बाजूचं पुढचं चाक

१२ मे, सोमवार

इतकी वर्षं दिवसभर घरात बोलायला माणूस नव्हतं. आता आहे, तर तिच्याशी बोलायचं नाही. म्हणून ही वही. नातीची, जुईची, जुनी आहे. पुढची गणिताची पानं फाडून टाकली.

विहीण आली परवा. नीता, माझ्या सुनेची, सलोनीची आई. ठाण्याला शाळेत मुख्याध्यापिका होती. चार महिने राहणार, अख्खा हिवाळा. या देशात हिवाळा जूनमध्ये येतो. मी चौथी पास, तेही त्या वर्षी बाई बाळंतपणाला गेल्या आणि सगळ्यांना वर ढकललं म्हणून.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाईने गाडी बाहेर काढली. वीस वर्षं चालवते म्हणे. लायसन इंग्रजीतलं आहे, ते इथं चालतं. प्रमोद कौतुकाने बघत होता. स्वतःच्या आईकडे त्याने असं शेवटचं कधी पाहिलं ते आठवावं लागेल.

उत्तरेला मोठ्या शहरात, माउंट रॉस्किलला होतो तोवर बरं होतं. दारासमोर बस. जुईचा हात धरून मी अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारापर्यंत जायची, मेथी आणायची. दोन वर्षांपूर्वी प्रमोदला इकडे दक्षिणेला, अलेक्झांड्राच्या वीजकेंद्रात नोकरी लागली. इथं डोंगर आहेत, थंडी आहे, बस नाही. ज्याला गाडी येत नाही त्याचे पाय गेले म्हणून समजा.

१७ मे, शनिवार

जुई आता बारा वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून ती कर्लिंग खेळते. बर्फावरून एक जड दगड घसरवत सोडायचा, आणि तो नीट जावा म्हणून दोघींनी त्याच्यापुढे झाडू मारत पळायचं. मला आधी थट्टा वाटली. घरात जिने झाडू हातात धरला नाही ती बर्फ झाडायला तासभर लांब नेझबीला जाते.

दर शनिवारी प्रमोद न्यायचा आणि मी डबा घेऊन बरोबर जायची. आता त्याला शनिवारची ड्यूटी लागली. तर विहीण नेणार.

"आनंदीताई, चला ना तुम्हीपण. पुढे बसा माझ्याजवळ."

मी म्हणलं, माझे गुडघे दुखतात.

"अहो, गाडीत गुडघ्यांचं काय काम?"

हे असं. मुख्याध्यापिका आहे, कारण पटल्याशिवाय रजा देत नाही. मी गेले नाही. दिवसभर गवार निवडली. गवार अर्धा किलो होती.

जुई परत आली ती "नीताआजी"ची गाणी गात. आठ वर्षं मी या घरात नुसती "आजी" होते. आता मी "आनंदीआजी" झाले, ओळखायला म्हणून.

२५ मे, रविवार

आज मात्र माझा दिवस होता.

प्रमोदने हिवाळी टायर चढवलेली चार चाकं विकत आणली. क्रॉमवेलचा कुणी माणूस उत्तरेला राहायला चालला होता, त्याच्याकडून. इथं सकाळी रस्त्यावर दंवाची काच होते. साधा टायर थंडीत कडक होतो, पकडत नाही. हिवाळी टायरचं रबर मऊ असतं. हे मला कुणी सांगावं लागलं नाही. राहुरीच्या स्टँडसमोर आमच्या ह्यांचं, बाळासाहेबांचं, पंक्चरचं दुकान होतं. लग्नाच्या तिसऱ्या महिन्यापासून मी टायर उतरवत होते.

प्रमोद नट एका बाजूने सरळ गोल आवळत निघाला. मी म्हणलं, "इंजिनिअर, समोरासमोरचे आवळ. एक वरचा, एक खालचा. बापाने हेच शिकवलं का?" तो हसला आणि पाना माझ्या हातात दिला. बहात्तराव्या वर्षी चार चाकं मी आवळली. विहीण शाल गुंडाळून बघत होती.

मग गाडी सुरू केली तर पुढे एक पिवळा दिवा लागला. टायर कापल्यासारखं चित्र, त्यात उद्गारचिन्ह. मिनिटभर लुकलुकला आणि मग ठाण मांडून बसला.

प्रमोद म्हणाला, "आई, आपल्या नेहमीच्या चाकांत आत, व्हॉल्व्हच्या मागे, एक सेन्सर असतो. हवा किती आहे ते तो गाडीला कळवतो. या जुन्या चाकांत सेन्सर नाहीत. गाडीला काहीच कळत नाही, म्हणून ओरडते. हा दिवा आता हिवाळाभर असाच राहणार."

"मग हवा खरंच कमी झाली तर?"

"तरी हाच दिवा. म्हणजे कळणार नाही."

"सेन्सर बसवून घे की."

"घेऊ. कुशलला वेळ मिळाला की." कुशल म्हणजे क्रॉमवेलच्या टायरच्या दुकानातला. आपल्याच नाशिकचा आहे.

विहिणीने पुढे होऊन पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक मोठी काळी टिकली सोलली आणि त्या दिव्यावर चिकटवली. "मला तो डोळ्यांत खुपतो." सगळे हसले. जुई तर लोळायची बाकी. यंत्र ओरडतंय आणि ही त्याला टिकली लावते, याच्यात हसायचं काय ते मला कळलं नाही.

पण प्रमोदने हवेचं गेज माझ्या हातात दिलं. "दर शुक्रवारी संध्याकाळी चारही चाकं तू बघायची, आई. तेहेतीस हवी. या गाडीचा सेन्सर तू."

विहिणीला गेज कसं धरतात ते माहीत नाही. विचारलं तिने. मी दाखवलं नाही.

३० मे, शुक्रवार

तेहेतीस, तेहेतीस, बत्तीस, तेहेतीस. बत्तीसवाल्यात पंपाने भरली. प्रमोदला सांगितलं. तो म्हणाला, "झकास."

७ जून, शनिवार

नेझबीच्या बर्फावर आज विहिणीने झाडू मारला. बुटांना रबर लावून, जुईच्या गटातल्या पोरींबरोबर. व्हिडिओ सलोनीने रात्रीच्या जेवणात तीनदा लावला. पडली नाही, हे दुःख.

मी जुईला म्हणलं, "पुढच्या शनिवारी मी येते."

ती म्हणाली, "नेक्स्ट वीक टूर्नामेंट आहे, आजी. माझ्या टीममधली टेस पण येणार आपल्या गाडीत, आणि चौघींची सगळी किट. जागा नाही. सॉरी." मोबाइलमधून मान वर न करता.

विहीण लगेच म्हणाली, "दोन पिशव्या पोरींच्या पायाशी ठेवू, आनंदीताई बसतील."

माझ्यासाठी जागा करायला तिची परवानगी लागते आता. मी म्हणलं, मला कुठं यायचंय, मी आपली सहज बोलले.

१३ जून, शुक्रवार

आज जे केलं ते लिहून ठेवते. उद्या सकाळी निस्तरलं जाईलच.

चार वाजता गॅरेजात गेले. मागची दोन्ही तेहेतीस. उजवीकडचं पुढचं तेहेतीस. डाव्या बाजूचं पुढचं चोवीस. गेज काढून परत लावलं. चोवीस. व्हॉल्व्हला थुंकी लावून पाहिली. वर बुडबुडा नाही, म्हणजे गळती बुडाशी. हळू गळती. सकाळपर्यंत वीसच्या खाली जाणार.

पंप समोर होता. स्टेपनी होती. माझं डोकंही होतं.

मी उठले आणि घरात आले. विहीण स्वयंपाकघरात थालीपीठं थापत होती, जुई बाजूला बसून खात होती आणि म्हणत होती, आजीची जाड असतात, तुझी क्रिस्पी. आजीची म्हणजे माझी.

सहा वाजता प्रमोदचा फोन आला, कामावरूनच. "आई, उद्या टूर्नामेंट आहे. हवा बघितलीस?"

"बघितली."

"ठीक?"

"सगळी तेहेतीस."

असं ठरवलं आहे. सकाळी सगळे गाडीपाशी जमतील, पिशव्या चढतील, विहीण चाकामागे बसेल. मग मी दारातून म्हणणार, थांबा. खाली उतरा. ते चाक बघा. इतकं बसलंय आणि चालवणारीला दिसलं नाही? मग मी स्वतः स्टेपनी चढवणार. पंधरा मिनिटांचं काम आहे. जुईने ते बघावं.

१४ जून, शनिवार

सकाळी साडेसहाला मी अंघोळीला गेले. त्या साडेसातला निघणार होत्या. टेसच्या आईचा मेसेज आला की सामना लवकर ठेवला आहे, आणि त्या पावणेसातलाच निघून गेल्या. मी बाहेर आले तर गॅरेज मोकळं. पत्र्यावर दंव गोठलं होतं.

फोन हातात घेतला. लावला नाही. लावला तर विचारतील, तुम्हाला कसं माहीत? काल तर तेहेतीस म्हणालात. मी खुर्चीवर बसले. मनाशी म्हणलं, वीसवर गाडी जाते, स्टँडवर सगळ्या जीपा वीसवरच पळायच्या. मग मनाशी म्हणलं, तिथं बर्फ नव्हता. घड्याळात चोवीस मिनिटं गेली. मग लावला. जुईचा लागेना, विहिणीचा लागेना. ओमाकाऊच्या पुढे डोंगरात रेंज नसते.

नऊ वाजता सलोनीचा फोन वाजला.

वळणावर गाडी डावीकडे ओढली, बर्फावरून घसरली आणि कुंपण तोडून चरात गेली. जुईला काही नाही. टेसला काही नाही. विहिणीचं उजवं मनगट मोडलं. एका पिकअपवाल्या शेतकऱ्याने तिघींना क्लाइडच्या इस्पितळात नेलं.

जुईला काही नाही, हे मी चारदा विचारलं.

१५ जून, रविवार

विहिणीच्या हाताला प्लास्टर आहे. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. जुईने दगड आणि झाडू काढला. मला म्हणाले, आई, तू पण कर. मी म्हणलं मला सही नीट येत नाही.

जुईच्या गटाला सामना सोडून द्यावा लागला. चौघींपैकी दोघी चरात होत्या, खेळणार कोण?

१७ जून, मंगळवार

कुशल घरी आला, चरातून ओढून आणलेली गाडी बघायला. चाळिशीचा आहे, बायको-पोरं आहेत, बोलणं पंक्चरवाल्यासारखं सरळ. त्याने ते चाक काढलं, हवा भरली, साबणाचं पाणी ओतलं. व्हॉल्व्हच्या बुडाशी फेस. रबर चिरलं होतं.

"जुना व्हॉल्व्ह आहे, प्रमोदभाऊ. पण ही गळती हळू आहे. एका रात्रीत इतकी हवा जात नाही. दोन-तीन दिवस तरी जात असणार."

प्रमोद वळला. "आई, शुक्रवारी या चाकात किती होती?"

माझं तोंड उघडलं होतं. आत काय होतं ते मला माहीत नाही.

विहीण पायरीवर बसली होती, गळ्यात हात अडकवून. ती म्हणाली, "अरे प्रमोद, सांगायचं राहिलं. शुक्रवारी अंधार पडता पडता मी लायब्ररीत गेले होते ना, तिथं फुटपाथच्या कर्बवर चढलं ते चाक. चांगलं आपटलं. तेव्हाच चिरलं असणार."

कुशल काहीतरी बोलणार होता. कर्बने टायर फाटतो, रिम वाकते, व्हॉल्व्हचं बूड चिरत नाही. पण गिऱ्हाइकाच्या घरातलं प्रकरण ओळखायची अक्कल प्रत्येक पंक्चरवाल्याला असते. तो म्हणाला, "असेल."

शुक्रवारी संध्याकाळी गाडी गॅरेजातून हलली नव्हती. विहीण थालीपीठं करत होती. मी तिथंच उभी होते.

प्रमोदने कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, चूक माझी, मी आधीच सेन्सर बसवायला हवे होते. कुशलने तिथंच चारही चाकांत नवे बसवले आणि हातातल्या यंत्राने गाडीला एकेकाची ओळख करून दिली. मग पुढची टिकली नखाने काढली. दिवा विझला.

१९ जून, गुरुवार

दोन दिवस झोप नाही. मन खातंय म्हणून नाही. मन मला इतक्या लवकर खात नाही.

ती माझ्यासाठी खोटं बोलली. मोडलेला हात घेऊन, थोरपणाने. आता ती चहा मागते तेव्हा मी करते. उजवा हात अडकलाय, म्हणून तिची वेणी मी घालते, आणि ती आरशातून माझ्याकडे बघते. तिला गाडी येते, इंग्रजी येतं, कुरकुरीत थालीपीठ येतं. आता माफ करणंही तिलाच येतं. माझ्यासाठी काय ठेवलं?

आज वेणी घालताना मी विचारलं, "का सांगितलंत तसं?"

"शुक्रवारी खिडकीतून गॅरेजात दिसलात. त्या एका चाकापाशी दोनदा बसलात. मला वाटलं, गुडघे दुखत असतील." मग म्हणाली, "हळू ओढा. मी सप्टेंबरात जाणार, आनंदीताई. पोरगी तुमच्याजवळच राहणार आहे. तिचं तुमच्याशी बिघडून कसं चालेल?"

म्हणजे जुईसुद्धा हिनेच मला द्यायची. दान.

२० जून, शुक्रवार

मातारिकीची, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या नववर्षाची, सुट्टी. सगळे घरात. सकाळी पोहे खाताना मी सांगून टाकलं. चोवीस होती. मला माहीत होतं. मी तेहेतीस म्हणाले. ती लायब्ररीत गेलीच नव्हती.

प्रमोद म्हणाला, "का, आई?"

"हिला खाली उतरवायचं होतं."

"आणि आज का सांगतेस?"

"हिच्या उपकारात राहायचं नाही म्हणून."

सलोनी ताट तसंच ठेवून उठली. प्रमोद बाहेर जाऊन गाडीला टेकून उभा राहिला, नुसता. विहीण डाव्या हाताने चमचा धरून म्हणाली, "काय हो तुम्ही. महिनाभर वेणी घालून घेणार होते मी."

जुई माझ्याकडे बघत होती. मराठी तिला सगळं समजतं. तिने एकच विचारलं, इंग्रजीत. मी गाडीत असणार हे तुला माहीत होतं?

मी म्हणलं, "हो."

खोटं बोलता आलं असतं. पण तेहेतीस एकदा सांगून झालं होतं.

२४ जून, मंगळवार

जुई बोलत नाही. शाळेतून येते, सरळ नीताआजीच्या खोलीत. दार लागतं. मी भात टाकते, आमटी करते, आणि कान त्या दाराला. आतून हसणं आलं की जळतं. रडणं आलं तर जास्त जळेल, कारण तेही तिच्यापाशीच.

प्रमोदने आज "आई, मीठ दे" एवढं म्हणलं.

२६ जून, गुरुवार

जुई माझ्या खोलीत आली. बसली नाही. इंग्रजीत म्हणाली, आमच्या शाळेत कुणी काही केलं की ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर बसून सांगावं लागतं. काय केलं आणि का केलं. तू टेसला आणि माझ्या टीमला सांगायचं. शनिवारी. बर्फाच्या रिंकवर.

मी म्हणलं, "मला इंग्रजी कुठं येतं? तू सांग, मी शेजारी उभी राहते."

"नो. तू."

"मग नीताआजीला सांगू दे माझ्या बदल्यात." हे माझ्या तोंडातून कसं गेलं माहीत नाही.

"नो," ती म्हणाली. "यू."

२७ जून, शुक्रवार

आज दुपारी विहिणीची वेणी घातली. मग तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "जळणं. लाकूड नव्हे, माणसाचं. इंग्रजीत काय म्हणतात?"

तिने आधी डाव्या हाताने वेणी मागे टाकली. मग म्हणाली, "जेलस."

मी चार वेळा म्हणून घेतलं. ती चुकलं की दुरुस्त करत होती. तिच्याच विषयी होता शब्द, आणि तीच उच्चार शिकवत होती. वाक्यं करून देऊ का म्हणाली. मी म्हणलं, वाक्यं माझी मी करते.

२८ जून, शनिवार

प्रमोदने रजा घेतली आणि गाडी चालवली. त्या वळणावर कुंपणाला नवी तार लावली आहे. प्रमोदने वेग कमी केला, इतकंच.

रिंकला लागून चहाची खोली आहे. काचेतून खालचा बर्फ दिसतो. तिथं टेस, आणखी दोघी पोरी, आणि त्यांना शिकवणारा, दाढीवाला, लोकरी टोपीतला. टेसची आई मागे हात बांधून उभी. प्रत्येकीपुढे गरम चॉकलेट. मला खुर्ची दिली, मी उभीच राहिले.

मी म्हणलं, "आय नो टायर. फॉर्टी इयर. धिस टायर लो. आय सी. आय से ओके. नॉट ओके." मग श्वास घेतला. "आय जेलस."

टेसने विचारलं, "ऑफ हू?"

मी बोटाने विहिणीकडे दाखवलं. ती प्लास्टर मांडीवर घेऊन बसली होती. टेसने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंडात चॉकलेटचा घोट होता, तो गिळला. "फेअर इनफ," ती म्हणाली. "बट दॅट वॉज रिअली डेंजरस."

"येस," मी म्हणलं.

टेस यापुढे आमच्या गाडीत बसणार नाही, तिचे वडील नेतील, असं तिच्या आईने प्रमोदला बाहेर सांगितलं. मला वाईट वाटलं नाही. माझी पोर असती तर मीही बसू दिलं नसतं.

जुईने माझ्याकडे पाहिलं नाही. झाडू उचलला आणि खाली बर्फावर गेली. हरल्या. दोन दगडांनी.

येताना मागे आम्ही तिघी. जुई मध्ये. ओमाकाऊ यायच्या आत ती झोपली. डोकं विहिणीच्या खांद्यावर गेलं, चांगल्या हाताच्या बाजूला. विहिणीने माझ्याकडे पाहिलं आणि तिला हलवू लागली, माझ्याकडे वळवावी म्हणून. मी म्हणलं, "राहू द्या. उठेल."

थोड्या वेळाने पोरीने झोपेतच बूट काढले आणि पाय वर घेऊन माझ्या मांडीवर टाकले. थंड होते. मोजे ओले. डोकं तिच्याकडे आणि पाय माझ्याकडे, ही वाटणी मला अजिबात पटलेली नाही. घर येईपर्यंत मी ते पाय पदरात घट्ट धरून बसले.